हिशेब मागणे म्हणजे संशय घेणे काय?



आपल्या गावातील जमातखान्यात वर्षभर किती प्रकारची कामे पार पडतात, याची तुम्हाला कल्पना आहेच. निकाह, वलीमा, अकीका, मय्यतीसाठी बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांचे जेवण, मुलांचा मकतब, रमजानमधील इफ्तार, कधी आरोग्य शिबिर, तर कधी मुसळधार पावसात घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाचा दोन रात्रींचा निवारा. ही कामे पार पडतात, कारण गावातील दोन-चार माणसे आपला वेळ खर्चून किल्ली सांभाळतात, वीजबिल भरतात, पंप बिघडला तर मेस्त्री शोधून आणतात. त्यांना पगार नसतो आणि बहुधा शाबासकीही मिळत नाही.

अशा गावात वर्षाअखेरीच्या बैठकीत एखादा तरुण उभा राहतो आणि विचारतो, "गेल्या वर्षीचा जमाखर्च वाचून दाखवाल का?" सभा एकदम गप्प होते. मग कोणी बुजुर्ग म्हणतात, "अरे बाबा, सदरसाहेबांवर तुझा भरोसा नाही काय? इतकी वर्षे त्यांनी सांभाळले, कधी कोणी बोट दाखवले?" तरुण खाली बसतो. बैठक दुआ करून संपते, परंतु प्रश्न संपत नाही. तो मशिदीच्या पायरीवर, चहाच्या टपरीवर आणि मुंबई-कुवेतच्या फोनवर बोलला जात राहतो.

या लेखात आपल्याला त्या बुजुर्गांच्या म्हणण्याचा प्रामाणिकपणे विचार करायचा आहे. सज्जन माणसाकडे हिशेब मागणे हा त्याचा अपमान आहे काय? अल्लाह सर्व काही पाहतो असा ज्यांचा ईमान आहे, त्यांना वहीची गरज का भासावी? ज्याने फुकट सेवा केली, त्याला वर पुरावाही मागायचा, हा कृतघ्नपणा नाही काय?

बुजुर्गांच्या म्हणण्यातील तथ्य

हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे मुळीच नाही. दिव्य कुरआनच्या सूरह अल्-हुजुरात मध्ये ईमानधारकांना फार संशय घेण्यापासून रोखले आहे, एकमेकांच्या पाळतीवर राहण्यास मनाई केली आहे आणि पाठीमागे निंदा करणे किती किळसवाणे आहे हेही तेथेच सांगितले आहे. ज्या समाजात प्रत्येक जण दुसऱ्याकडे चोर म्हणून पाहतो, तेथे इमारत कितीही भक्कम असली तरी जमात शिल्लक राहत नाही. बुजुर्गांना याचीच भीती वाटते आणि ती रास्त आहे.

परंतु आता त्याच आयतीच्या प्रकाशात पुढे काय घडले ते पाहा. बैठकीत प्रश्न दाबला गेला, म्हणून संशय नाहीसा झाला काय? तो टपरीवर गेला आणि तेथे त्याचे रूपांतर निंदेत झाले. 'सदरांनी घराला नवा रंग दिला, पैसा कोठून आला?' असे कोणी सहज बोलून गेला. ज्या माणसाने आयुष्यात परक्याचा एक रुपया घेतला नाही, त्याच्या पाठीमागे हे बोलले गेले आणि त्याला उत्तर देण्याची संधीही मिळाली नाही. म्हणजे ज्या तीन गोष्टींना कुरआनने मनाई केली, त्या तिन्ही हिशेब न दिल्यामुळे वाढीस लागल्या.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. एखाद्या दिवशी अचानक एकाच माणसाला गाठून 'दाखव तुझी वही' असे म्हणणे हा संशय आहे. दरवर्षी ठरलेल्या दिवशी, पदावर कोणीही असो, जमाखर्च सर्वांसमोर वाचणे ही रीत आहे. रीत कोणावर आरोप करीत नाही. नमाजमध्ये सफ सरळ करा असे इमाम दर वेळी सांगतो; त्यावरून कोणी स्वतःला वाकड्या उभ्या राहणाऱ्यांत गणले गेले असे मानत नाही. हिशेबाची रीत नसते, म्हणूनच तो मागणारा उद्धट ठरतो आणि देणारा दुखावला जातो.

अल्लाह पाहतो, तरीही साक्षीदार का?

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. अल्लाह साक्षी असताना माणसांची साक्ष कशाला? याचे उत्तर सूरह अन्-निसाच्या सहाव्या आयतीत मिळते. ती आयत अनाथांच्या संपत्तीसंबंधी आहे. पालक सधन असेल तर त्याने त्या संपत्तीतून काही घेऊ नये, गरजू असेल तर रास्त प्रमाणात घ्यावे, आणि अनाथ जाणते झाल्यावर त्यांची संपत्ती त्यांच्या हवाली करताना साक्षीदार करावेत, असा तिचा आशय आहे. आणि त्यानंतर लगेच, हिशेब घेण्यास अल्लाह पुरेसा आहे, असे सांगून ती आयत संपते.

वाचक हो, या क्रमावर क्षणभर थांबा. अल्लाह हिशेब घेण्यास पुरेसा आहे हे जेथे सांगितले, तेथेच माणसांची साक्ष ठेवण्याची आज्ञाही दिली आहे. पहिली गोष्ट दुसरीला रद्द करीत नाही. अल्लाहचा हिशेब आखिरतसाठी आहे आणि साक्षीदार या जगातील माणसांच्या मनःशांतीसाठी आहेत. जो 'अल्लाह पाहतो आहे' असे म्हणून वही बाजूला सारतो, तो आयतीचा शेवट घेतो आणि मधली आज्ञा सोडून देतो.

हजरत उमर (रजि.) यांनी बैतुलमालच्या बाबतीत आपले स्थान अनाथाच्या पालकासारखे आहे असे म्हटले होते. हे साम्य आपल्या जमातखान्यालाही लागू पडते. इमारत स्वतःचा हक्क मागू शकत नाही. ज्यांनी ती बांधली त्यांतील अनेक जण कबरीत आहेत आणि ज्यांच्यासाठी ती टिकवायची त्यांतील अनेक जण अजून जन्मलेले नाहीत. अनाथाच्या संपत्तीला जितकी सावधगिरी लागते, तितकीच येथेही लागते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील एक प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आला आहे. रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत प्रेषित (स.) मशिदीत एतिकाफला असताना त्यांच्या पत्नी हजरत सफिय्या (रजि.) भेटीला आल्या. त्यांना पोहोचविण्यासाठी प्रेषित (स.) निघाले, तेव्हा वाटेने दोन अन्सारी सहाबी झपाझप पुढे गेले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबविले आणि सोबत आपली पत्नी सफिय्या आहे असे स्वतःहून सांगितले. ते दोघे चकित झाले, कारण अल्लाहच्या प्रेषितांविषयी शंका घेण्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. तेव्हा, सैतान माणसाच्या रक्तातून फिरतो आणि तो तुमच्या मनात काही टाकील अशी भीती मला वाटली, अशा अर्थाचे उत्तर प्रेषितांनी (स.) दिले.

ज्यांच्या चारित्र्यावर संशय घेणे शक्यच नव्हते, त्यांनी विचारण्यापूर्वीच खुलासा केला. ते सहाबी यामुळे अपमानित झाले नाहीत आणि प्रेषितांची (स.) प्रतिष्ठाही उणावली नाही. मग गावच्या सदरांनी आणि खजिनदारांनी विचारण्यापूर्वीच हिशेब मांडला, तर त्यांची प्रतिष्ठा कशी कमी होईल?

पूर्वी चालत होते, आता का चालू नये?

'आमच्या वाडवडिलांनी कोठे वह्या ठेवल्या?' असेही विचारले जाते. यालाही उत्तर आहे. वाडवडिलांच्या काळी जमातखाना चिऱ्यांच्या चार भिंतींचा आणि वर मंगलोरी कौलांचा होता. चिरे कोणाच्या खाणीतून आले, वासे कोणाच्या आवाठातून आले आणि कौले कोणी चढविली, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले असे. पावसाळ्याच्या तोंडावर गावातील तरुण छपरावर चढून फुटकी कौले बदलत. पैसा थोडा होता, श्रम अधिक होते आणि दोन्ही सर्वांच्या नजरेसमोर खर्च होत. गावाची नजर हीच त्या काळची वही होती.

आज देणगी देणारा मुंबईत, दुबईत, कुवेतमध्ये किंवा इंग्लंडमध्ये असतो. तो मे महिन्यात पंधरा दिवसांसाठी येतो. त्याने पाठविलेल्या रकमेतून आलेले सिमेंट त्याने पाहिलेले नसते. इमारतीला स्लॅब, विद्युत पंप, जनरेटर, पंखे आणि शंभर-दोनशे खुर्च्या जोडल्या गेल्या आहेत. जेथे नजर पोहोचत नाही तेथे कागद पोहोचला पाहिजे. वाडवडिलांची पारदर्शकता टिकवायची असेल तर त्यांची पद्धत बदलावी लागेल, कारण ज्या परिस्थितीत ती पद्धत पारदर्शक होती ती परिस्थिती आता उरलेली नाही.

आणि परकी वाटावी अशी ही गोष्टही नव्हे. सूरह अल्-बकराच्या २८२व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याची नोंद करण्याची आज्ञा आहे आणि रक्कम लहान असो वा मोठी, ती लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही बजावले आहे. आपली मराठी भाषाही याची साक्ष देते. हिशेब, वसूल, बाकी, जमा हे शब्द मराठीत अरबीतून आले आहेत. भांडी नेताना आपण जी अनामत रक्कम ठेवतो, तो शब्द म्हणजे अमानतच. जमात आणि जमाखर्चातील जमा या दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. ज्या व्यवहाराचे शब्द आपल्या घरातले आहेत, तो व्यवहार आपल्याला अनोळखी वाटावा हे नवलच.

खजिनदाराच्या मृत्यूनंतर

आता असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा जो कोणत्याही गावात उद्या घडू शकतो. खजिनदार अत्यंत प्रामाणिक आहेत. जमातखान्याचे भाडे ते आपल्या घरातील कपाटात ठेवतात. पावतीपुस्तक अर्धवट आहे, उरलेला हिशेब त्यांच्या डोक्यात आहे. कधी पंपासाठी त्यांनी पदरचे पैसे घातले, कधी घरच्या अडचणीत जमातखान्याचे पैसे वापरून पुढच्या आठवड्यात परत ठेवले. एके रात्री त्यांचे अचानक निधन होते. कपाटात ८५,००० रुपये निघतात. ते कोणाचे?

मागे विधवा पत्नी आहे, लहान मुले आहेत. रक्कम वारसांची मानून त्यांना दिली आणि ती खरोखर जमातखान्याची असेल, तर संपूर्ण गावाचा हक्क बुडाला आणि मय्यतीच्या मानेवर ते ओझे राहिले. रक्कम जमातखान्याची मानून घेतली आणि ती खरोखर त्यांची असेल, तर गावाने अनाथांचा माल खाल्ला. अनाथांचा माल अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरतात, हा सूरह अन्-निसाच्या दहाव्या आयतीचा आशय तुम्ही ऐकलेला आहे. दोन्ही वाटा भयंकर आहेत आणि योग्य वाट कोणती हे सांगू शकणारा एकमेव माणूस कबरीत आहे.

या माणसाने चोरी केलेली नाही. गावानेही केलेली नाही. तरीही कोणाचा ना कोणाचा हक्क मारला जाणार आहे. मग दोष कोणाचा? माझे उत्तर असे आहे की दोष त्या सौजन्याचा आहे, ज्याने वर्षानुवर्षे हिशेब मागितला नाही. ज्याला आपण आदर समजत होतो, त्या आदराने एका भल्या माणसाला आखिरतच्या धोक्यात उभे केले आणि त्याच्या मुलांना गावासमोर खाली मान घालायला लावली.

म्हणून माझे म्हणणे असे की हिशेब घेतला जाणे हा अमानतदाराचा हक्क आहे. शरीअतही त्याच्याशी न्यायाने वागते. अमानत सांभाळणाऱ्याने कुचराई केली नाही आणि तरीही ती चोरीस गेली किंवा वाहून गेली, तर फकीहांच्या मते त्याच्याकडून भरपाई घेता येत नाही. परंतु त्याने ती स्वतःच्या पैशांत अशी मिसळली की वेगळी ओळखताच येऊ नये, तर तो जबाबदार ठरतो. वेगळे बँक खाते, वेगळी पेटी आणि क्रमांक छापलेले पावतीपुस्तक या गोष्टी त्याच्यावरील पहाऱ्यासाठी आहेत असे समजू नका. त्या त्याची ढाल आहेत.

शिल्लक म्हणजे काय?

हिशेब वाचला जातो तेथेही एक सूक्ष्म अन्याय घडू शकतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, वर्षभरात ३० कार्यक्रम झाले आणि प्रत्येकी ४,००० रुपये भाडे आले. एकूण जमा १,२०,००० रुपये. वीज, पाणी, सफाई, रखवालदार मिळून खर्च ७२,००० रुपये. बैठकीत घोषणा होते की शिल्लक ४८,००० रुपये आहे. सर्व खूश होतात आणि कोणी सुचवितो की यातून गावजेवण करावे किंवा प्रवेशद्वारावर कमान उभारावी.

परंतु ही शिल्लक खरी आहे काय? छपराचे पत्रे आणि त्याखालील लोखंड २० वर्षे टिकते आणि बदलायला ६,००,००० रुपये लागतात असे धरा. म्हणजे दरवर्षी ३०,००० रुपयांचे छप्पर झिजते. पाच वर्षांनी रंगकामाला ५०,००० रुपये लागतात. म्हणजे दरवर्षी १०,०००. देगा, पराती, ताटे, खुर्च्या आणि सतरंज्या यांची झीज दरवर्षी ८,००० रुपयांची. बेरीज केली तर ४८,००० होते. शिल्लक शून्य. ज्याला आपण उरलेला पैसा समजलो, ते छप्पर होते. कमान बांधणाऱ्यांनी छप्पर विकून कमान बांधली, इतकेच.

कोकणात तर ही झीज डोळ्यांना दिसते. चार महिन्यांचा पाऊस, खारा वारा, भिंतीवरचे शेवाळ आणि दाराच्या चौकटीतली वाळवी कोणाची वाट पाहत नाहीत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा काही तासांत असंख्य छपरे उडाली. त्यानंतर लगेच पावसाळा सुरू झाला. अशा वेळी ज्या संस्थेकडे राखीव रक्कम असते ती आठवड्यात उभी राहू शकते, आणि जिच्याकडे नसते ती ताडपत्रीखाली पुढच्या देणगीदाराची वाट पाहते.

फुकहांनी हे फार पूर्वी ओळखले होते. हनफी फिक्हच्या 'अल्-हिदाया' या प्रसिद्ध ग्रंथात वक्फच्या उत्पन्नातून पहिला खर्च वक्फच्या दुरुस्तीवर करावा, वक्फ करणाऱ्याने तशी अट घातलेली असो वा नसो, असा नियम दिला आहे. कारण सरळ आहे. देणाऱ्याचा हेतू सदका-ए-जारियाचा, म्हणजे वाहत राहणाऱ्या पुण्याचा होता. इमारत ढासळली की तो प्रवाह थांबतो. छपराचा पैसा आज जेवणावर उडविणारी पिढी अजून न जन्मलेल्यांचा हिस्सा तर घेतेच, शिवाय कबरीतील देणगीदाराच्या पुण्याचा झराही बुजविते.

दुसऱ्याच्या मालातून औदार्य

आता भाडेमाफीचा नाजूक प्रश्न. एखादा गरीब बाप मुलीच्या निकाहसाठी जमातखाना मागतो. सदरांचे मन द्रवते आणि ते म्हणतात, "जाऊ द्या, भाडे नको." आपण सर्व त्यांचे कौतुक करतो. दुसऱ्या महिन्यात ज्याने बांधकामाला मोठी देणगी दिली तो आपल्या मुलाच्या वलीम्यासाठी येतो आणि त्यालाही भाडे माफ होते, कारण त्याला मागायचे कसे? तिसऱ्या महिन्यात सदरांचा भाचा येतो.

वरच्या उदाहरणात एका कार्यक्रमाचा चालू खर्च २,४०० रुपये आणि झीज १,६०० रुपये आहे. भाडे माफ केले म्हणजे हे ४,००० रुपये कोणीतरी दिलेच. कोणी? गावाने, न विचारता. सदरांनी स्वतःच्या खिशातून दिले असते तर ते औदार्य ठरले असते. दुसऱ्याच्या मालातून औदार्य करण्याचा अधिकार मुतवल्लीला नाही, मग घेणारा कितीही गरजू असो.

मग गरीब बापाने काय करावे? दार बंद करावे असे मुळीच म्हणायचे नाही. ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते त्या जेवणाला हदीसमध्ये सर्वांत वाईट जेवण म्हटले आहे. मग ज्या सभागृहात गरिबाला निकाहच करता येत नाही ते सभागृह कसले? मार्ग असा आहे की गावाने उघडपणे एक सवलत निधी वेगळा ठेवावा. ज्याला द्यायचे आहे त्याने त्यात द्यावे. गरजूच्या नावाची पूर्ण भाड्याची पावती फाटावी आणि ती रक्कम त्या निधीतून भरली जावी. जमातखान्याचे नुकसान नाही आणि त्या बापाच्या हातात इतरांसारखीच पावती आहे. निधी कोणासाठी वापरला हे नाव केवळ दोन-तीन जबाबदार माणसांना ठाऊक असावे. वार्षिक हिशेबात फक्त रक्कम यावी. हिशेब उघडा असावा, गरिबाची अडचण झाकलेली असावी. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

मोठ्या देणगीदारांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. वक्फ म्हणून दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याची मालकी उरत नाही. त्याचे नाव पाटीवर असेल, पण किल्ली त्याची नाही. त्याला विशेष सवलत देणे म्हणजे त्याच्या सदक्याची परतफेड या जगातच करून टाकणे. त्याच्या हिताचा विचार करणाऱ्याने तरी असे करू नये. आणि जकातची रक्कम इमारतीच्या कामी लावू नये. सूरह अत्-तौबाच्या ६०व्या आयतीत जकातचे आठ हक्कदार सांगितले आहेत आणि बहुसंख्य फकीहांच्या मते इमारती त्यांत येत नाहीत. बँकेतील व्याजाच्या रकमेबाबत आपापल्या मुफ्तींना विचारून निर्णय घ्यावा. ती नकळत जमेत मिसळू देऊ नये.

भेटवस्तू आणि चपलेचा बंद

मंडपवाला जमातखान्याचे काम वर्षभर करतो आणि खजिनदारांच्या घरच्या कार्याला मंडप फुकट घालतो. हे प्रेम आहे की आणखी काही? प्रेषितांनी (स.) जकात गोळा करण्यास पाठविलेला एक माणूस परतल्यावर त्याच्याकडून हिशेब घेतला गेला. हे तुमचे आणि हे मला भेट मिळाले, असे तो म्हणाला. तेव्हा, आपल्या आईबापाच्या घरी बसला असतास तर ही भेट तुला आली असती काय, अशा आशयाचा प्रश्न प्रेषितांनी (स.) केला. प्रत्येक पदाधिकाऱ्याने भेट स्वीकारताना स्वतःला हा एकच प्रश्न विचारावा: मी या पदावर नसतो, तर ही भेट आली असती काय?

आणि आपण, जे पदाधिकारी नाही? खैबरच्या प्रसंगी एकाने वाटणीपूर्वी घेतलेल्या चादरीबद्दल प्रेषितांनी (स.) इतका कठोर इशारा दिला की तो ऐकून दुसऱ्या एकाने चपलेचे एक-दोन बंद आणून परत केले. आपण ४० ताटे नेतो आणि ३८ परत करतो. 'पाहुण्यांत कोठे गेली कोण जाणे' असे म्हणून मोकळे होतो. दिव्यांची माळ जळाली तर गुपचूप गुंडाळून ठेवतो. ज्याने दोन ताटांचा हिशेब दिला नाही त्याने दोन लाखांचा हिशेब मागताना थोडे थांबावे आणि आधी ताटे द्यावीत.

काय करता येईल?

हे सर्व अवघड नाही. पावतीपुस्तकाला क्रमांक असावेत. खात्यावर दोन सह्या असाव्यात. ठरावीक रकमेहून अधिक रोकड कोणाच्याही घरी राहू नये. भांड्यांची आणि सामानाची यादी वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, प्रत्यक्ष मोजून करावी. त्याच वेळी छप्पर, पन्हाळी, वीजजोडण्या आणि पाण्याची टाकी तपासावी. झिजेची रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी आणि तिला हात लावण्यास संपूर्ण बैठकीची संमती लागावी. तीन महिन्यांनी एक पानाचा जमाखर्च फलकावर लावावा आणि परगावच्या मंडळींना पाठवावा.

तो फलक अशा जागी असावा की स्त्रियांनाही वाचता येईल. कोणत्या देगेला भेग पडली आहे आणि स्वच्छतागृहात पाणी येते की नाही, हे त्यांना बैठकीत बसणाऱ्या पुरुषांपेक्षा अधिक ठाऊक असते. हजरत उमर (रजि.) यांनी खैबरची जमीन वक्फ केली, तेव्हा व्यवस्थापकाने रास्त प्रमाणात घ्यावे, पण त्यातून संपत्ती साठवू नये अशी अट घातली. आणि अबू दाऊदच्या संग्रहातील नोंदीनुसार त्या वक्फची देखरेख त्यांनी आपली कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे सोपविली होती. हे ज्यांना माहीत आहे ते स्त्रियांच्या सूचनेला हसणार नाहीत.

देशाचा कायदाही हेच मागतो. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवून त्याची तपासणी करून घ्यावी लागते आणि १९९५च्या वक्फ कायद्यानेही मुतवल्लीवर हिशेब सादर करण्याची जबाबदारी टाकली आहे. ज्यांची कागदपत्रे नीट नसतात त्यांना आपली मालमत्ता आपली आहे हे सिद्ध करण्यासाठी उंबरठे झिजवावे लागतात. परंतु कायदा नसता तरी आपल्यावरील कर्तव्य कमी झाले नसते.

शेवटी त्या सदरांना आणि खजिनदारांना दोन शब्द, जे हा लेख वाचून कदाचित दुखावले असतील. जो विश्वासू खजिनदार सांगितलेली रक्कम पूर्णपणे आणि खुल्या मनाने योग्य व्यक्तीला पोहोचवितो, तो स्वतःही सदका करणाऱ्यांपैकी एक ठरतो, असा प्रेषितांच्या (स.) वचनाचा आशय आहे. पैसा दुसऱ्याचा, आणि पुण्यात तुम्हीही वाटेकरी. इतकी मोठी कमाई क्वचितच कोणत्या फुकटच्या नोकरीत असेल. तिला संशयाचा डाग लागू नये म्हणून पुढच्या बैठकीत कोणी विचारण्याआधी तुम्हीच वही उघडा. आणि बुजुर्गहो, तो तरुण पुन्हा उभा राहिला तर त्याला खाली बसवू नका. त्याच्या हाती वही द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. पुढच्या वर्षी ती त्यालाच लिहायची आहे.

अल्लाह आपल्याला अमानती ओळखण्याची, त्या सांभाळण्याची आणि वेळेवर परत करण्याची बुद्धी देवो. आमीन.